तो व्हिडिओ कुठल्या हवेतला?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: गुहागर तालुक्यातल्या एका गावातून 34 वर्षांच्या एका गृहिणीनं लिहिलं आहे. घर सासरचं, जुनं, चिऱ्याचं आणि कौलारू. नवरा, दोन मुलं आणि सासूबाई असतात. दीर-जाऊ मुंबईला, गणपतीत आणि मे महिन्यात येतात. दीड वर्षापूर्वी मोबाईलवर बघून स्वस्तातल्या वस्तू घरी करण्याचा नाद लागला. पुठ्ठ्याचं रॅक, थर्माकोलच्या खोक्याचा कूलर, बाटल्यांच्या कुंड्या, जुने टॉवेल सिमेंटात बुडवून केलेल्या कुंड्या, करवंट्यांचे दिवे असं बरंच झालं. मार्चमध्ये माजघराच्या एका भिंतीला विटांसारखी दिसणारी फोमची चिकट शीट लावली. तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं. श्रावणात शीट सुटू लागली, मागे भिंत काळीकुट्ट. गणपतीला आलेल्या जावेनं सगळ्यांदेखत विषय काढला. सासूबाई म्हणाल्या, "भिंतीला गोधडी पांघरलीस, मग ती घामेजणारच." नवरा म्हणतो, सात-आठ हजार पाण्यात गेले, आता पुरे. यांना मात्र दिवाळीनंतर येणाऱ्या पर्यटक पाहुण्यांसाठी पडवी तयार करायची आहे. शिवणकामाचे साठवलेले बारा हजार हाताशी आहेत. यादीत पॅलेटचा सोफा, रेझिनचं टेबल, एलईडीच्या पट्ट्या आणि पुन्हा तीच शीट, "पण या वेळी चांगल्या कंपनीची". त्या विचारतात, "हे सगळं थांबवू, की चांगल्या प्रतीचं सामान आणून पुन्हा करून बघू?"

उत्तर:

तुमच्या प्रश्नात दोनच वाटा आहेत: थांबायचं, नाहीतर महागाचं सामान आणून तेच पुन्हा करायचं. मला दोन्ही पटत नाहीत. दुसरी तर मुळीच नाही, कारण शीट स्वस्तातली होती म्हणून भिंत बिघडली असं तुम्ही धरून चालला आहात. तिप्पट किमतीची आणली असती तर ती कदाचित सुटली नसती, आणि मागे काय चाललंय ते आणखी एक पावसाळा तुम्हाला कळलं नसतं.

भिंतीचं आधी बघू. तुमचे चिरे जांभ्याचे, आणि जांभा हा सच्छिद्र दगड. तो पाणी पितो आणि सोडतोही. जमिनीतली ओल जोत्यातून वर चढते, पश्चिमेची झड बाहेरून मारते, पागोळ्यांचं पाणी खाली आपटून भिंतीच्या पायावर उडतं. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. एवढं पाणी प्यायलेली भिंत पाऊस सरला की आतून-बाहेरून वाळत जाते. तुम्ही तिची आतली बाजू बंद केलीत. शीटच्या मागे ओल, अंधार आणि कोंडलेली हवा. बुरशीला एवढं पुरतं. सासूबाईंचं गोधडीचं वाक्य तुम्हाला लागलं, कारण त्या ते चारचौघांत बोलल्या. ते लागणारच. पण चार पानं लिहून तुम्ही जे मला विचारताय, त्याचं उत्तर त्यांनी एका ओळीत दिलं होतं.

आता शीट पूर्ण काढा. नाकावर फडकं किंवा मास्क बांधा, बुरशी कोरडी झाडू नका, ओल्या कापडानं पुसून घ्या. चिकट थर लाकडी पट्टीनं खरवडा. मग ती भिंत तशीच राहू द्या, निदान शिमग्यापर्यंत. दिवाळीपर्यंत वाळेल या आशेवर तिला काहीही लावू नका, ऑइलपेंट तर नाहीच. मधल्या काळात बाहेर जाऊन बघा: त्या बाजूची पन्हळ फुटली आहे का, वळचणीला लाकडं रचली आहेत का, अंगणाची माती भरून जोत्याच्या वर आली आहे का. बहुतेक वेळा आतल्या ओलीचं कारण बाहेर चार हातांवर असतं. मार्चमध्ये भिंत खडखडीत वाळली की चुन्याचे दोन-तीन पातळ हात द्या, प्रत्येक हात वाळल्यावर पुढचा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो, भिंतीला कोंडत नाही, आणि क्षारयुक्त असल्यानं बुरशीला सहजी जागा देत नाही. आधी डिस्टेंपर किंवा तेलरंग लागला असेल तर तो खरवडल्याशिवाय चुना धरणार नाही. आणि हो, चुना डोळ्यांत जाऊ देऊ नका. हातमोजे आणि साधा गॉगल वापरा.

आता तुमच्या त्या यादीकडे वळते. तुमच्या पत्रात एक गंमत आहे. फसलेल्या वस्तूंवर पानभर मजकूर, आणि टिकलेल्यांवर एकच ओळ: "सिमेंटच्या कुंड्या आणि करवंट्यांचे दिवे मात्र अजून आहेत." अहो, ही तर तुमच्या प्रश्नाची दुसरी बाजू! दोन पावसाळे काढलेली सिमेंटची कुंडी आणि एका पावसात मेलेलं पुठ्ठ्याचं रॅक एकाच हातांनी बनवलं होतं. हात तेच, चिकाटी तीच. फरक पडला तो वस्तूला इथली हवा मानवली की नाही यानं.

कूलरचंच घ्या. ओल्या स्पंजातून हवा गेली की पाण्याची वाफ होते आणि त्या वाफेसाठी लागणारी उष्णता हवेतून निघते, म्हणून हवा गार लागते. हे होण्यासाठी हवेत आणखी वाफ मावायला जागा हवी. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात ती भरपूर असते, म्हणून तिकडे घरोघरी कूलर. आपल्या किनाऱ्यावर हवा आधीच दमट. तुमच्या कूलरनं खोलीतला दमटपणा वाढवला आणि मुलांचे घामोळे. व्हिडिओ करणारा बहुधा खोटं बोलत नव्हता. त्याच्या गावी तो कूलर चालत असेल.

पुठ्ठा हे वाळवीचं जेवण आहे, त्यावर जास्त लिहीत नाही. पॅलेटच्या सोफ्यावर मात्र लिहायला हवं, कारण तो अजून व्हायचा आहे. परदेशी मालाबरोबर येणाऱ्या पॅलेटवर कणसाचं चिन्ह असलेला एक शिक्का असतो. त्यात इंग्रजीत एचटी असेल तर लाकूड तापवलेलं असतं, म्हणजे त्याचा गाभा 56 अंश सेल्सिअसला अर्धा तास ठेवलेला. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली. असं लाकूड घरात आणू नका. शिक्काच नसेल तर त्यावरून पूर्वी काय वाहून नेलं हे कळायला मार्ग नाही, तेही नको. पण एचटीवाल्या लाकडातही एक मेख आहे. तापवल्यानं आत असलेली कीड मरते, उद्या येणारी वाळवी थांबत नाही. स्वस्त पॅकिंगचं मऊ लाकूड थेट पडवीच्या जमिनीवर ठेवलंत तर वाळवीला आमंत्रणाची गरज नाही.

म्हणून एखादी युक्ती आवडली की मी आधी एकच गोष्ट बघायला सांगते: ती कुठल्या हवेतली आहे? करणाऱ्याच्या मागची भिंत बघा, खिडकीबाहेरची झाडं बघा, तो घामानं डबडबला आहे का तेही बघा. कोरड्या, थंड देशातल्या बंद घरातली युक्ती गुहागरच्या पडवीत कशी वागेल हे त्यालाही माहीत नसतं. त्यापेक्षा तीच वस्तू केरळ, गोवा, कारवार, मंगळूरकडच्या कुणी केली आहे का ते शोधा. तोच पाऊस, बरेचसे तेच चिरे, तीच खारी हवा. भाषा कळली नाही तरी हात दिसतात. आणि "वर्षभरानंतर" अशा नावाचा व्हिडिओ सापडला तर तो आधी बघा. नवीन वस्तू सगळ्यांचीच छान दिसते; खर्च खरा मोजायचा तो नारळी पौर्णिमेनंतर.

दुसरं, घरात कुठेही मोठं काही लावण्याआधी वीतभर तुकडा सगळ्यात ओल्या कोपऱ्यात लावा. न्हाणीघराच्या बाहेरची भिंत त्याला उत्तम. एक जुलै त्यावरून जाऊ द्या. थांबणं जिवावर येतं, मला माहीत आहे. पण माजघराच्या भिंतीऐवजी वीतभर तुकडा काळा पडला असता तर जावेला बोलायला काही उरलं नसतं.

आता पैशांचं. दीड वर्षात आठ हजार धरले तरी महिन्याला साडेचारशेच्या आत पडतात. यजमानांच्या कुठल्या खर्चाशी त्याची तुलना करायचा मोह मी आवरते. मला नाही वाटत भांडण पैशांचं आहे. पुठ्ठ्याच्या रॅकवरून तुमच्या घरात कुणी बोललं नाही, कूलरवरून फक्त हसले. वाद झाला भिंतीवरून. रॅक तुमचं होतं, भिंत घराची आहे, आणि त्या घरात सासूबाई आहेत, मुंबईच्या दिराचाही हिस्सा आहे. म्हणून एक रेघ आखून घ्या. संध्याकाळपर्यंत काढून टाकता येईल ते सगळं तुमच्या मर्जीनं, कुणाला न विचारता करा. त्यात फसण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. भिंत, छप्पर, वायरिंग आणि विहीर या चार गोष्टींना हात लावायचा तर आधी घरात बोलायचं. "मोबाईल पुरे" या फर्मानापेक्षा ही रेघ तुमच्या यजमानांनाही सोयीची वाटेल.

सासूबाईंबद्दल. तुम्ही त्यांना या सगळ्याच्या विरोधात धरलंय. पण तुमच्याच पत्रात आहे की मे अखेरीला त्या झावळ्यांची झापं विणून पडवीच्या पश्चिम अंगाला बांधतात, हिरांचे खराटे घरीच करतात आणि पितळेची भांडी बिंबल्या या आंबट फळांनी घासतात. बिंबल्यात ऑक्झॅलिक आम्ल असतं, म्हणून पितळ लखलखतं. ही बाई आयुष्यभर तेच करत आली आहे जे तुम्ही मोबाईलवर शोधता. फक्त तिचं कुणी चित्रण केलं नाही. तिला "हे इथे टिकेल का?" असा प्रश्न वस्तू करण्याआधी विचारून बघा. मान म्हणून नाही, माहितीसाठी.

म्हणून जुनं ते सोनं असंही मी म्हणणार नाही. झापं एका पावसात कुजतात, दरवर्षी नव्यानं विणावी लागतात, आणि विणणारे हात जवळजवळ नेहमी घरातल्या बायकांचे. सारवलेली जमीन सुंदर दिसते, पण ती ठेवायला कंबर मोडते. त्यांच्याही युक्त्या त्यांच्या काळाच्या, त्यांच्या फुकटच्या श्रमांच्या हिशेबावर उभ्या आहेत. पश्चिमेला चांगली ताडपत्री गुंडाळता येईल अशी बसवली तर तो व्हिडिओतला उपाय सासूबाईंच्या झापांवर मात करेल, आणि बहुधा त्यांनाच सगळ्यात बरं वाटेल.

इतर वाचकांसाठी इथे थोडं थांबते, कारण सफाईच्या युक्त्यांबद्दल मला सतत पत्रं येतात. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र केला की फसफस छान होते. पण आम्ल आणि क्षार एकमेकांना मारतात आणि मागे थोडं मीठवजा पाणी उरतं. वेगवेगळे वापरा, दोन्ही कामाचे आहेत. याहून गंभीर गोष्ट ब्लीचिंगची. कोकणात विहिरीसाठी आणलेली टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर घरात असते आणि फरशीसाठी ॲसिडची बाटली. "डबल सफाई" म्हणून ही दोन कधीही एकत्र करू नका, एकामागोमाग एकाच फरशीवरही टाकू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद न्हाणीघरात तो जीव घेऊ शकतो. ब्लीच आणि व्हिनेगरचंही तेच. चिऱ्याच्या भिंतीवरचा डाग काढायला ॲसिड नको. जांभ्यात लोह असतं, ॲसिडनं ते सुटून नवा डाग पडतो. आणि बाटल्यांच्या किंवा करवंट्यांच्या टांगत्या कुंड्यांना खाली भोक हवंच. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडायला आठ-दहा दिवसांचं साचलेलं पाणी पुरतं, आणि करवंटीभर पाणी त्याला भरपूर झालं.

आता तुमची पडवी. तिथे येणारा पाहुणा पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधून येणार. विटांच्या चित्राची शीट त्याच्या बैठकीच्या खोलीतही असू शकते. तुमच्याकडे खरा चिरा आहे आणि तुम्ही तो झाकायला निघाला आहात, हे मला पत्र वाचताना सारखं खटकत राहिलं. गिलावा नसलेला चिऱ्याचा भाग तारेच्या नव्हे, काथ्याच्या ब्रशनं साफ करून उघडाच ठेवा, बाकीच्याला चुना. शीट नको, कुठल्याच कंपनीची.

सोफ्याऐवजी चिऱ्यांचा बुटका कट्टा करा. चार चिरे, वर जुन्या दाराची फळी, त्यावर तुम्ही स्वतः शिवलेल्या गाद्या. शिवणकाम येतं ना तुम्हाला! गाद्यांची अभ्रं काढून धुता येतील अशी करा, जूनमध्ये आत उचलून ठेवता येतील एवढी हलकी. फळीच्या खालच्या अंगाला काजूच्या टरफलांचं तेल लावतात, तो वाळवीवरचा इकडचा जुना उपाय. मात्र हे तेल कातडीला भाजतं, त्यामुळे हातमोजे हवेतच आणि मुलं लांब. बांबूचं काही करणार असाल तर विकणाऱ्याला विचारा की तो वाहत्या पाण्यात काही आठवडे बुडवून ठेवलेला आहे का. त्यानं बांबूतला पिष्ट अंश निघून जातो आणि पोखरणारे भुंगेरे कमी येतात. तसा न मिळाल्यास बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्याची प्रक्रिया केलेला घ्या. स्क्रू आणि बिजागऱ्या साध्या लोखंडाच्या नकोत. समुद्राजवळ 304 प्रतीचं स्टेनलेस स्टीलही कालांतरानं डाग धरतं, 316 जास्त टिकतं; थोडे महाग पडतात, पण पडवीला लागतात तरी किती? फेविकॉल वापरायचा तर पाण्यात टिकणारा वेगळा मिळतो तो मागा, नेहमीचा पांढरा ओल लागली की मऊ होतो.

उजेडासाठी तुम्ही कौलात पाण्याच्या बाटल्या बसवायचा विचार केलाय. ती कल्पना छान आहे. ब्राझीलमधल्या आल्फ्रेडो मोझर या मेकॅनिकनं 2002 मध्ये ती शोधली, पत्र्याच्या छपरांखालच्या अंधाऱ्या खोल्यांसाठी, आणि पुढे ती कितीतरी देशांत गेली. पण ती पत्र्यासाठी आहे, पत्र्याला भोक पाडून सील करता येतं. तुमच्यावर मंगलोरी कौलं आहेत, आणि त्या मापाचं काचेचं कौल मिळतं. दोन कौलं काढून दोन बसवायची, भोक नाही, गळती नाही. चढायला मात्र नेहमीचा कौलं परतणारा माणूस बोलवा, यजमानांना चढवू नका.

एलईडी पट्ट्यांबद्दल मी कडक आहे. काही पट्ट्या अडॅप्टर लावून 12 व्होल्टवर चालतात, काही थेट 230 व्होल्टवर. दुसऱ्या प्रकारची उघड्या पडवीत आणूच नका. पहिलीचाही अडॅप्टर आणि जोड घराच्या आत, कोरड्या जागी. जुन्या घरांत अर्थिंग नावापुरतंच असतं, आणि झडीनं भिजलेल्या भिंतीतून करंट उतरल्याच्या घटना आपल्या भागात नव्या नाहीत. बारा हजारांतला पहिला खर्च परवानाधारक वायरमनचा: अर्थिंग तपासून घ्या आणि 30 मिलिअँपिअर करंट गळला की खटका पाडणारा आरसीसीबी हा स्विच बसवून घ्या. हे काम व्हिडिओ बघून करायचं नाही. त्यानंतर काचेची कौलं, चुना, स्क्रू, गाद्यांचं कापड. एवढ्यात बारा हजार पुरावेत, आणि नाही पुरले तर गाद्या दोन कमी शिवा, वायरमन कमी करू नका.

रेझिनचं टेबल या यादीतून काढा. ते स्वस्त नसतंच, आणि ओल्या हवेत घट्ट होताना त्यावर पांढुरका चिकट थर येतो. हौस फिटतच नसेल तर डिसेंबर-जानेवारीतल्या कोरड्या दिवसांत, उघड्यावर, हातमोजे घालून आधी पानाच्या तबकाएवढं काहीतरी करून बघा. पाहुणे नेहमीचेच ठेवायचे ठरले तर पर्यटन संचालनालयाच्या निवास-न्याहारी योजनेत नोंदणीची चौकशी करा. तपासणीला येणारा माणूस भिंतीवरच्या विटांपेक्षा संडास, पाणी आणि वायरिंग बघतो.

आणि पडवीला हात लावण्याआधी मुंबईला दिरांना एक फोन करा. दोन कौलं बदलतोय, चुना देतोय, माजघराची भिंत मार्चमध्ये दुरुस्त करतोय, एवढं सांगायला पाच मिनिटं लागतील. फोन तुम्ही स्वतः करा, यजमानांकरवी निरोप नको. जाऊबाईंनी घेतला तर त्यांनाही हेच सांगा.